साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे नेमके किती तास?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या परदेशप्रवासाचं पान होतं. त्यात एक छोटी चौकट होती: 'मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर १२,५०० किमी, उड्डाणवेळ १४ तास.' शेजारी जगाचा नकाशा आणि त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीनं ओढलेली लाल रेघ. चौकटीतले दोन्ही आकडे तसे खोटे नाहीत. नकाशातली रेघ चुकीची आहे, आणि तिच्याबद्दल मी पुढं लिहिणारच आहे, कारण तेहतीस वर्षं मी भूगोल शिकवला. पण पत्र लिहायला बसले ते या दोन आकड्यांवर विसंबून आमच्या गल्लीत काय झालं ते मी स्वतः पाहिलं म्हणून.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या शेजारचे अण्णा मंगळवारी पहाटे साडेपाचला गेले. धाकटा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला. घरातून फोन गेला तेव्हा तिकडे सोमवारची संध्याकाळ होती, सात वाजले होते. फोनवर तो एवढंच म्हणाला, "मी निघतोय." इथं सगळ्यांनी धरलं की निघाला. अण्णांच्या पुतण्यानं मोबाईल उघडला, दोन विमानतळांची नावं घातली आणि ओट्यावर बसलेल्या मंडळींना वाचून दाखवलं, "साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास." मग तोंडी हिशेब झाला. पहाटे साडेपाचात चौदा मिळवले की संध्याकाळचे साडेसात. मुंबईहून कराडला सहा-सात तास. थोडं मागं-पुढं धरलं तरी बुधवारी उजाडता उजाडता पोरगा दारात.

दुपारी मुलाचा मेसेज आला, "तिकीट मिळालं. एकला मुंबईत उतरतो." ओट्यावरच्या हिशेबात तो 'एक' अगदी चपखल बसला. साडेसातच्या जागी रात्रीचा एक. म्हणजे सकाळी आठपर्यंत कराड. बुधवारी सकाळी नऊची वेळ ठरली, नातेवाइकांना तसं कळवलं गेलं.

मी तिथंच होते. माझ्या मनात आलं की विमान नेमकं कधी सुटतंय हे कुणी विचारलेलं नाही. मी पुतण्याला म्हटलंही, "अरे, तिकडून सुटायची वेळ बघ." तो म्हणाला, "काकू, इथं लिहिलंय की सगळं." दुःखाच्या घरात वाद कशाला म्हणून मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

प्रत्यक्षात झालं होतं ते असं. सोमवारी रात्रीच्या थेट विमानात त्याला जागा मिळाली नाही. मिळाली ती दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे तिकडच्या मंगळवारी दुपारी साडेबाराच्या विमानात. तिकडचे मंगळवार दुपारचे साडेबारा म्हणजे आपले मंगळवार रात्रीचे अकरा. तिथून पुढं चौदा तास, म्हणजे बुधवार दुपारचा एक. त्यानं लिहिलेलं 'एकला' अगदी बरोबर होतं, फक्त तो दुपारचा एक होता. विमान सुटलं तेव्हाच अण्णांना जाऊन साडेसतरा तास झाले होते.

बुधवारी नऊला तो आला नाही. फोन बंद. दहा वाजले, साडेदहा वाजले. वडीलधारी माणसं म्हणाली, आता आणखी थांबवू नका. अकराला कृष्णाकाठी अण्णांना अग्नी दिला, थोरल्या जावयानं. त्या वेळी मुलगा मुंबईपासून दोन तासांवर, आकाशात होता. रात्री नऊला तो गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरला आणि ओट्यावर विझवलेली शेगडी बघून तिथंच खाली बसला. राख सावडायला तेवढा तो होता.

यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पुतण्यानं जे वाचलं ते वाचून दाखवलं. पण 'चौदा तास' हे उत्तर होतं एका वेगळ्याच प्रश्नाचं. एखादं विमान न्यूयॉर्कहून उडालं तर किती तासांनी मुंबईत उतरतं, या प्रश्नाचं. घरच्यांचा प्रश्न होता, पोरगा कधी पोचेल. या दोन प्रश्नांमध्ये त्या दिवशी जवळजवळ एका दिवसाचं अंतर होतं, आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येणारं नव्हतं.

म्हणून आधी अंतराबद्दल, मग तासांबद्दल, मग घड्याळाबद्दल लिहिते. माझ्या विद्यार्थिनी असत्या तर म्हणाल्या असत्या की बाईंचा तास लांबणार. लांबू दे.

आपल्या नकाशातली लाल रेघ मुंबईहून निघून ओमान, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, इजिप्त, लिबिया करत मोरोक्कोत माराकेशच्या आसपास अटलांटिकला लागते आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत जाते. या वाटेनं विमान खरोखर गेलं तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील. चौकटीतले साडेबारा हजार त्या रेघेचे नाहीतच. म्हणजे एकाच पानावर अंतर एका वाटेचं आणि चित्र दुसऱ्या वाटेचं छापलं गेलं. मधले सतराशे किलोमीटर कुठं गेले, हा प्रश्न एखाद्या हुशार पोरीनं विचारला तर तिला काय सांगायचं?

निवृत्तीच्या दिवशी दहावीच्या मुलींनी मला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल भेट दिला होता. तो अजून टेबलावर आहे. त्याचा घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर येतो आणि पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा. शिवणाचा दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर अंगठ्यानं दाबायचं आणि दोरा ताणायचा. ताणला की तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार करा, साडेबारा हजार.

हा ताणलेला दोरा कुठून जातो ते बघण्यासारखं आहे. मुंबईहून तो पश्चिमेला न वळता जवळजवळ वायव्येच्याही उत्तरेला तोंड करतो. सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या जवळून जातो. मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात मॉस्कोच्या अगदी जवळून, फिनलंडचं दक्षिण टोक, नॉर्वे. नॉर्वे आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रावर तो सर्वांत उत्तरेला, जवळपास ६५ अक्षांशापर्यंत चढतो आणि तिथून उतरणीला लागतो. आइसलंड, ग्रीनलंडचं अगदी खालचं टोक, कॅनडातलं लाब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. वर्गात मी हे करायची तेव्हा दर वर्षी कुणीतरी मुलगी म्हणायचीच, "बाई, अमेरिकेला जायला रशिया कशाला?" मुंबई ७३ अंश पूर्वेला आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. समोरच्या बाजूला जायचं तर डोक्यावरून जाणं जवळचं, हे सपाट कागदावर कधीच दिसत नाही.

दोष कागदाचा आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ मध्ये तो नकाशा केला तो जहाजांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून गलबत चालवायचं तर त्या नकाशावर सरळ रेघ ओढता यावी, ही त्याची सोय होती आणि ती फार मोठी सोय होती. पण त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागले. त्या नकाशात ग्रीनलंड आपल्या देशापेक्षा अवाढव्य दिसतं. प्रत्यक्षात भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे. त्याच ताणामुळे उत्तरेकडून जाणारी जवळची वाट कमानीसारखी लांब दिसते आणि वाळवंटातून जाणारी लांबची वाट सरळ, म्हणून जवळची वाटते. आपल्या चित्रकारानं रेघेऐवजी कमान काढली असती तर पान बरोबर झालं असतं.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र उत्तरेकडे सरकताना बघून माझ्या पलीकडे बसलेल्या आजी घाबरल्या होत्या. त्या पहिल्यांदाच चालल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. "हे विमान चुकलं का हो?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी पर्समधून दोरा काढला. गोल नव्हता, म्हणून जेवणासोबत आलेल्या संत्र्यावर दाखवलं. देठाजवळ ध्रुव, इथं मुंबई, इथं न्यूयॉर्क. त्यांना पटलं, आणि पुढचा सगळा प्रवास त्या पडद्यावर गावांची नावं वाचत निवांत बसल्या. पहाटेच्या उजेडात खाली बर्फ दिसलं तेव्हा त्यांनीच मला उठवलं.

आता तासांकडे येते. साडेबारा हजाराला ताशी नऊशेनं भागलं की पावणेचौदा-चौदा येतात. चौकटीतले चौदा बहुतेक असेच आले असावेत. पण आम्हाला त्या वेळी जाताना १५ तास ४० मिनिटं लागली आणि येताना १३ तास ५० मिनिटं. दोन्ही मी डायरीत टिपून ठेवली आहेत, चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत. विमानतळ तेच, अंतर तेच, आणि फरक जवळजवळ दोन तासांचा.

याचं कारण विचारलं तर दहातली आठ माणसं सांगतात, पृथ्वी फिरते म्हणून. हे उत्तर मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलं आहे आणि ते चूक आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिच्या फिरण्यानं फरक पडत असता तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच चालून आलं असतं आणि जायलाच कमी वेळ लागला असता. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेला जाते आहे. तिच्यासोबत हवाही जाते आणि हवेतलं विमानही. कोयना एक्स्प्रेसमध्ये बसून शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या बाकावर जात नाही, आपल्याच हातात पडतो. तसंच ते.

खरं कारण वारा आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. विमानं नेमकी त्याच उंचीवर असतात. अमेरिकेला जाताना हा वारा छातीवर येतो, परतताना पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत, ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं. त्याच्या इंजिनात काही वेगळं नव्हतं, पाठीशी वारा होता.

आपल्याकडे आठवी-नववीच्या गणितात नाव आणि प्रवाहाची उदाहरणं असायची. आमच्या कराडच्या मुलींना ती शिकवावी लागायची नाहीत. प्रीतिसंगमावर पावसाळ्यात होडी एकदा बघितली की पुरे. विमानाचंही गणित तेच. ताशी नऊशेच्या वेगाला वाटेवर सरासरी पन्नासचा वारा समोरून आला तर साडेबारा हजाराला १४ तास ४२ मिनिटं लागतात. तोच पन्नासचा वारा पाठीशी असेल तर १३ तास ९ मिनिटं. बघा, एवढ्याशा वाऱ्यानं दीड तासाचा फरक पडला. आणि आणखी एक गोष्ट मुलींना मी नेहमी शोधायला लावायची: वारा नसता तर १३ तास ५३ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना ४९ मिनिटं गेली आणि येताना ४४ मिनिटंच मिळाली. प्रवाहाशी झुंजताना जे जातं ते प्रवाहासोबत येताना पूर्ण परत मिळत नाही, कारण झुंजायला वेळही जास्त लागतो.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणंही परवडतं, हे वाचकांना सांगण्याजोगं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर पंधरा हजारांच्या वर गेलं, नेहमीपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. तरी वारा पाठीशी असल्यानं ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी. अंतर वाढलं आणि वेळ कमी झाला. आपल्या चौकटीतल्या पद्धतीनं भागाकार करून हे कधीच निघणार नाही.

आणि वाऱ्याहून मोठं कारण जमिनीवरचं आहे. माझा दोरा सिंध, अफगाणिस्तान, रशिया असा जातो. दोऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय विमानांना ते खुलं राहिलं. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली आणि तिची मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली. माझी लेक त्या मे महिन्यात आली होती. परत जाताना तिचं विमान मुंबईहून आधी अरबी समुद्रावर पश्चिमेला गेलं, मग आखातावरून वर चढलं. साडेसोळा तास लागले. मुंबई आणि न्यू जर्सी तसूभरही हलले नव्हते.

१९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला उतरून जुहूला आले. १९४८ च्या जूनमध्ये 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाचं विमान मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाऊ लागलं. माझे वडील म्हणायचे की विलायत दर वर्षी थोडी थोडी जवळ येते आहे. ते जवळ येणं आता थांबलं आहे, काही वर्षी तर ती थोडी लांबही जाते, हे त्यांना सांगायला हवं होतं.

आता घड्याळाबद्दल. अण्णांच्या घरी घोटाळा झाला तो मुख्यतः इथं, आणि आपल्या चौकटीत याबद्दल एक अक्षर नाही. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. रात्री एकला मुंबईहून सुटलेलं विमान उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळावर पोचतं असं तिकीट सांगतं. बघणाऱ्याला वाटतं साडेसहा तास. असतात सोळा, कारण तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं. परत येताना उलट. दुपारी तीनला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मुंबईत, म्हणजे वाटतं साडेतेवीस तास, असतात चौदा. त्यात अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. म्हणून हिवाळ्यात तोच फरक साडेदहा तासांचा होतो. दुसऱ्या दिवशीचं पोचणं दाखवायला तिकिटावर वेळेच्या बाजूला बारीक अक्षरात अधिक एक असं लिहिलेलं असतं. साठीच्या पुढच्या माणसाला ते चष्मा लावूनही दिसत नाही.

आमच्या ह्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. पहिल्या प्रवासाच्या वेळी डॉक्टरांना मी विचारलं, रात्रीचा डोस कुठल्या रात्री? त्यांनी घड्याळातल्या वेळा खोडल्या आणि किती तासांनी काय घ्यायचं ते लिहून दिलं. मी ह्यांच्या जुन्या किल्लीच्या एचएमटी घड्याळात भारतीय वेळ ठेवली आणि ते घड्याळ परत येईपर्यंत फिरवलं नाही. पंधरा-सोळा तास एका जागी बसायचं असेल तर पायात रक्त साकळू नये म्हणून अधूनमधून उठून चालायला हवं, पाणी प्यायला हवं, हेही त्यांनीच सांगितलं. ज्यांना 'चौदा तास' सांगितलेले असतात त्यांचे शेवटचे दोन तास फार जड जातात. गोळ्या बॅगेत वर ठेवलेल्या असतात, सोबतचा डबा संपलेला असतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माणसाला वाटत राहतं की काहीतरी बिघडलंय.

अण्णांच्या त्या प्रसंगानंतर मी एक काम सुरू केलं आहे. आमच्या गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत मिळून अकरा घरांतली मुलं परदेशी आहेत. प्रत्येक घराला मी एक पोस्टकार्ड लिहून दिलं आहे, मोठ्या अक्षरात, देव्हाऱ्याजवळ किंवा फ्रिजवर लावायला. त्यावर मुलगा राहतो तिथलं आणि आपलं घड्याळ यांतला उन्हाळ्याचा नि हिवाळ्याचा फरक, तिकडच्या घरापासून विमानतळापर्यंतचे तास, उडण्याआधी किती तास तिथं पोचावं लागतं ते, जातानाचे आणि येतानाचे हवेतले तास वेगवेगळे, मुंबईत उतरून पासपोर्ट नि सामान होईपर्यंतचे दोन तास, आणि मुंबई-कराड. शेवटी एकच ओळ: 'त्याला विचारा, भारताच्या घड्याळाप्रमाणे कुठल्या वारी, किती वाजता मुंबईत उतरणार.' न्यू जर्सीच्या कार्डावरची बेरीज, विमान लगेच मिळालं तरी, सव्वीस-सत्तावीस तास होते. चौदाच्या जवळजवळ दुप्पट. अण्णांच्या घरी हे कार्ड द्यायला गेले तेव्हा काकूंनी ते हातात घेतलं, वाचलं, आणि आत जाऊन अण्णांच्या फोटोमागं ठेवलं.

तेव्हा आपल्याला माझी विनंती अशी. हे पान आपण दर उन्हाळ्यात छापता, आणि ते फक्त सहलीला जाणारेच वाचत नाहीत. गावोगावी अशी घरं आहेत जिथं एक माणूस पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे. पुढच्या वेळी जातानाचे तास आणि येतानाचे तास वेगळे छापा. ते गेट ते गेट आहेत की नुसते हवेतले, हे सांगा. सुटायची आणि पोचायची वेळ देताना कंसात भारतीय वार आणि वेळ द्या. विमानाची वाट सध्या कुठल्या देशांवरून जाते ते एका ओळीत लिहा, कारण ती बदलते आणि तिच्यासोबत तासही बदलतात. आणि नकाशात सरळ रेघ नको, कमान काढा. कमान कशी येते हे आपल्या चित्रकारांना बघायचं असेल तर माझा गोल आणि दोरा मी घेऊन येते. सकाळच्या कोयनेनं निघाले तर दुपारपर्यंत आपल्या पुण्याच्या कार्यालयात पोचते. वार तेवढा कळवावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कराड